पाताळगाव चालेल का

त्या वर्षी सांगलीत विश्रामबागेच्या चौकात उभं राहून कुणालाही विचारलं असतं की मगदुमांचं दुकान कुठं आहे, तर त्यानं हात करून दाखवण्याआधी उलट विचारलं असतं, "तुमच्याकडं पण चालत नाही काय?" काय चालत नाही, हे सांगायची गरज नव्हती. पाताळगाव चालत नाही.

पाताळगाव हा खेळ होता. पाण्याखाली बुडालेलं एक अख्खं शहर, त्यात गल्ल्या, बाजार, देवळं, देवळांच्या गाभाऱ्यातून निवांत हिंडणारी मासळी, आणि त्यातून वाट काढत खाली खाली उतरायचं. उतरायचं तेही जोडीनं, एकट्याला प्रवेश नाही. पोरांपेक्षा मोठीच माणसं नादी लागली होती. साखरपुडे झालेले, निवृत्त झालेले, नुसतेच कंटाळलेले, सगळे पाताळात. आणि त्यातला जो तो खेळ विकत घेण्याआधी जिनेंद्र मगदुमाच्या दुकानात येऊन एकच विचारायचा, की आमच्या घरच्या डब्यावर, म्हणजे संगणकावर, हा चालेल का.

जिनेंद्रचा शब्द गावात मानला जात होता. बावन्न वर्षांचा माणूस, सव्वीस वर्षं संगणक दुरुस्त करत आलेला. चालेल म्हणाला की चालायचं, नाही म्हणाला की लोक दुसऱ्या दुकानात विचारायलाही जात नसत. गरज नसताना कुणाच्या गळ्यात नवीन सामान मारायचा नाही, ही त्याची ख्याती. काउंटरवर त्याची बायको सुवर्णा बसायची. नवऱ्याच्या ख्यातीचा अभिमान नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त होता, आणि तो ती लपवायची नाही.

आता हा खेळ घरच्या डब्यावर चालायचा कसा, ते थोडं सांगायला हवं. आपल्या डोळ्यांना खरं म्हणजे फार थोडं दिसतं. हात लांब धरून अंगठ्याचं नख बघावं. साधारण तेवढाच तुकडा स्वच्छ दिसतो. बाकीचं चित्र मेंदू अंदाजानं भरून काढतो आणि आपण समजतो की आपल्याला सगळं दिसतंय. खेळ काढणाऱ्या कंपनीनं हेच हेरलं. सगळं शहर बारकाईनं रंगवायचं तर भलामोठा संगणक लागेल; पण माणूस पुढच्या क्षणी जिकडं वळणार तेवढाच तुकडा रंगवला, तर दहा वर्षांचा जुना डबाही पुरतो. अडचण एवढीच की माणूस कुठं वळणार हे तो वळायच्या आधी कळायला हवं. आणि ते कळतं. हात हलवायचं मनात आलं की मेंदूत एक बारीकशी विजेची लहर उठते, आणि प्रत्यक्ष हात हलतो तो त्यानंतर, सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शानं. कपाळाला बांधायचा एक पट्टा ती लहर टिपायचा आणि संगणकाला आधीच खबर द्यायचा.

म्हणजे निम्मा खेळ संगणकात चालायचा आणि निम्मा खेळणाऱ्याच्या डोक्यात. त्यामुळं तपासणीही दोघांची मिळून व्हायची. पट्टा बांधायचा, पडद्यावर सुळकन जाणारा मासा पाच मिनिटं पकडत राहायचा, की शेवटी एक आकडा यायचा : एकूण विलंब. मनात आल्यापासून पडद्यावर घडेपर्यंत गेलेला वेळ. अडीचशे मिलिसेकंदांच्या आत असेल तर 'चालेल', पुढं गेला तर 'चालणार नाही'. त्यात संगणकाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे कंपनी फोडून सांगत नव्हती. माणसाच्या मेंदूबद्दल एक ओळ जरी छापली तरी ती वैद्यकीय माहिती ठरते, मग तिच्यामागं कायद्याच्या शंभर भानगडी. त्या टाळायला कंपनीनं दोन्ही आकडे एकत्र कालवून टाकले होते.

नियमाप्रमाणं पट्टा गिऱ्हाइकानं बांधायचा. अहवालाच्या पहिल्या पानाच्या तळाशी तशी चौकटच होती : तपासणी ग्राहकाच्या उपस्थितीत, ग्राहकास पट्टा बांधून केली. पण सांगलीत कोण थांबतंय? गिऱ्हाईक डबा टेबलावर ठेवायचं, "संध्याकाळी येतो ओ," म्हणायचं आणि गाडीला किक मारायचं. मग जिनेंद्र स्वतःच पट्टा बांधायचा आणि मासे पकडायचा. तपासायचाय तो डबा, डोकं कुणाचं का असेना, असा त्याचा सरळ हिशेब. सुवर्णा चौकटीत बरोबरची खूण करायची आणि खाली सही ठोकायची. आठवड्याला अशी एखाददुसरी खूण व्हायची, ती चौकट वाचायची असते हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

पहिले दोन-तीन महिने सगळे डबे पास झाले. पुढं अधूनमधून एखादा अडकायला लागला. दिवाळीनंतर तर जो येईल तो नापास.

"गेम जड झालाय," जिनेंद्र गिऱ्हाइकांना सांगायचा. "दर अपडेटला जड करतात. कंपन्यांची खोडच आहे ती."

यावर कुणी शंका घेतली नाही, कारण खेळ अपडेटनं जड होतात हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. भूपाल चौगुले म्हणून एक गृहस्थ होते, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा करणारे. त्यांनी तर नापास झालेला संगणक तिथल्या तिथं मोडीत काढला. "मगदूम म्हणतोय म्हणजे संपलं," म्हणाले, आणि गेले.

फेब्रुवारीत आठल्ये बाई चौथ्यांदा आल्या. बाई म्हणजे जिनेंद्रच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, आता बहात्तर वर्षांच्या. तीन वेळा त्यांचा डबा नापास झाला होता. तीन वेळा जिनेंद्रनं आतलं काहीतरी बदलून दिलं होतं आणि आकडा जागचा हलला नव्हता.

"आज मी इथं बसणार," बाईंनी खुर्ची ओढली. "तू काय करतोस ते बघणार."

"बाई, अर्धा तास तरी लागंल."

"वार्षिकचे पेपर तपासायला मी सलग पाच तास बसत होते. धारवाडची माझी ताई सत्त्याहत्तर वर्षांची आहे, ती एकटीच दारात उभी राहते पाताळाच्या. जोडीदार नाही म्हणून आत सोडत नाहीत तिला. तू काढ तुझं काय असेल ते."

जिनेंद्रनं पट्टा बांधला, मासे पकडले. तीनशे बारा. चालणार नाही.

"हे तू का बांधलंस डोक्याला?" बाईंनी विचारलं. "खेळणार मी आहे."

"त्यात काय बाई, डबा तपासायचाय."

"मग डब्याला बांध."

सुवर्णा काउंटरवर हसली. जिनेंद्रही हसला आणि पट्टा बाईंच्या हातात दिला. बाईंनी चष्मा सारखा केला, पदर खोचला आणि एखाद्या वर्गावर नजर फिरवावी तशी पडद्यावर नजर लावली. पाच मिनिटांनी आकडा आला. दोनशे एकवीस. चालेल.

पट्टा सरकला असेल, असं जिनेंद्रला वाटलं. त्यानं पुन्हा बांधून बघितला : तीनशे नऊ. वायर बदलली : तीनशे चौदा. पट्टाच नवा काढला : तीनशे दहा. मग दुकानातला सगळ्यात नवा, सगळ्यात दमदार डबा आणून जोडला. त्यावर त्याला मिळाले दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि बाईंना एकशे सत्त्याण्णव.

धंद्याची पहिली शिकवण अशी आहे की एका वेळी एकच भाग बदलायचा. भाग बदलत जायचे, आणि दोष तरीही राहिला तर जो भाग बदललेला नाही त्यात तो असतो. सव्वीस वर्षांत हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता. जिनेंद्रला तिसऱ्या आकड्यालाच कळलं होतं. पुढचे आकडे त्यानं केवळ वेळ काढायला घेतले.

"झोप झाली नाही काल नीट," तो म्हणाला.

बाईंनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला. "मग आज झोप आणि उद्या परत मोज. सात दिवस मोज. एका आकड्यावर मी कुणाला नापास केलेलं नाही."

त्यानं सात दिवस मोजलं. सातही दिवस तेच. आठव्या दिवशी त्यानं दुकानातले जुने अहवाल काढले. आठ महिन्यांत, फेरतपासण्या सोडल्या तर, त्रेचाळीस डबे, त्रेचाळीस माणसांच्या नावाचे त्रेचाळीस कागद, आणि सगळ्यांत डोकं एकच. कुठल्या डब्याचा स्वतःचा वेळ किती, हे त्याला जवळजवळ तोंडपाठ होतं. तो वजा करत गेला आणि उरलेले आकडे तारखांप्रमाणं एका चौकटीच्या कागदावर मांडत गेला. ठिपके वर चढत होते. एखादा इकडंतिकडं, पण चढ स्पष्ट होता, पट्टी ठेवून रेघ मारावी इतका. त्याला भीती वाटली, आणि त्याबरोबर जरा चमत्कारिक असं कुतूहलही. आपल्याबद्दल इतकी नीट टिपलेली माहिती त्यानं आयुष्यात कधी पाहिली नव्हती, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या नावानं होती.

मिरजेला डॉक्टर तहसीन मुजावर म्हणून मेंदूच्या डॉक्टर होत्या. जिनेंद्र आणि सुवर्णा त्यांच्यासमोर बसले. डॉक्टरांनी त्याला बोटं उघडझाप करायला लावली, चालवलं, डोक्याची चित्रं काढली. मग तो चौकटीचा कागद बराच वेळ बघितला.

"हाताचा कंप नाही अजून?"

"नाही."

"काम करताना काही जाणवतं?"

"बोर्डावर सोल्डरिंगचा बारीक टाका घालताना डाग थोडा मोठा पडतोय. मला वाटलं, चष्मा बदलायला झालाय."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हालचालीचा हुकूम पुढं पोचवणाऱ्या काही पेशी मेंदूत खोलवर असतात, त्या एकेक करून निकामी व्हायला लागल्या होत्या. पूर्वी हे कळायचं ते हात कापायला लागल्यावर, म्हणजे निम्म्याहून जास्त पेशी गेल्यावर. जिनेंद्रचं फारच लवकर हाती लागलं होतं. आता औषधही होतं, महिन्याला एक इंजेक्शन. ते गेलेलं परत आणत नाही, पण आहे तिथं थांबवतं.

"मग आजच चालू करूया की," सुवर्णा म्हणाली.

"डोस उतारावरून ठरतो," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस किती वेगानं घसरतोय त्यावरून. कमी दिला तर फुकट, जास्त दिला तर उरलेल्या पेशीच मरतात. म्हणून आधी निदान सहा महिन्यांची मोजणी लागते. एरवी मी तुम्हाला आज म्हणाले असते, सहा महिने मोजा आणि मग या. त्या सहा महिन्यांत जे जाईल ते गेलं. तुमच्याकडं मात्र आठ महिने तयार आहेत." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "फक्त हे आकडे तुमचेच आहेत, हे लेखी हवं. या अहवालांवर नावं दुसऱ्यांची आहेत. प्रत्येकानं लिहून द्यावं लागेल की पट्टा मी बांधला नव्हता. आणि दुकानानंही."

दुकानाचं शटर वर करून आत आल्यावर सुवर्णानं अहवालांचा गठ्ठा पुढं ओढला. प्रत्येकाच्या तळाशी तिची खूण आणि तिची सही.

"म्हणजे मी खोटं लिहिलंय," ती म्हणाली. "त्रेचाळीस वेळा."

"सगळीच दुकानं तसंच करतात गं."

"सगळ्या दुकानांचं मला काय करायचंय? लोक काय म्हणतील मला? पट्टा बांधला नाही आणि बांधला म्हणून सही केली. आणि नापास झालेल्यांना आपण काय सांगितलं? तुमचे डबे चांगले होते, डोकं आमचं बिघडलेलं होतं, असं सांगायचं?"

"तसंच होतं की ते."

"तुम्हाला सांगायला काय जातंय? सही माझी आहे."

हे बोलल्यावर तिला वाईट वाटलं, ते दिसलं. पण तिनं शब्द मागं घेतले नाहीत. जिनेंद्र म्हणाला, "राहू दे. सहा महिने मोजू आणि मग जाऊ. सहा महिन्यांनी काय होतंय." त्याला स्वतःला हे पटत नव्हतं. पण बायकोला गावासमोर खोटी पाडून हात वाचवायचा, हेही त्याच्याच्यानं होत नव्हतं. त्याच्या आईवडलांनी दुकानाला जेवढं दिलं नव्हतं तेवढं या बाईनं काउंटरवर बसून दिलं होतं.

चार दिवस दोघं एकमेकांशी चहा आणि जेवण एवढ्यापुरतं बोलत होते. अहवालांचा गठ्ठा काउंटरवरच पडून होता. पाचव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सुवर्णा तो उलटायला लागली. सहीचं पहिलं पान सोडून तिनं पहिल्यांदाच आकड्याचं दुसरं पान वाचलं, मग पुढच्याचं दुसरं पान, मग त्याच्या पुढच्याचं. जिनेंद्र आत एका डब्यात डोकं घालून बसला होता. बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली.

"अहो, सप्टेंबरपासूनच दिसतंय हे."

"हूं."

"प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेलाय. आकडा छापलेला होता. सही करायला मी पान उलटतच नव्हते." तिनं डोळे पुसले, पण आवाज कोरडाच होता. "वाचलं असतं तर सप्टेंबरातच नेलं असतं तुम्हाला. लोकांचं काय घेऊन बसले होते मी, माझंच मला तोंड दाखवता येईना."

"अगं, मी तरी कुठं बघितलं? मी तर गेमला शिव्या घालत होतो."

तिनं फोन ओढला, गठ्ठ्यातला पहिला कागद समोर घेतला आणि नंबर लावला. "मगदुमांच्या दुकानातून सुवर्णा बोलतेय. तुमच्या डब्याची तपासणी झाली ना जूनमध्ये, त्यावर मी एक चुकीची सही केलीय. तुम्ही नव्हता तेव्हा. यायला जमंल काय दुकानात?"

दोन आठवडे लोक येत होते. बहुतेकांना आपण काय लिहून देतोय यात फारसा रसच नव्हता. त्यांना पट्टा बांधून मासे पकडायचे होते. नापास झालेल्या सव्वीस डब्यांपैकी एकोणीस तिथल्या तिथं पास झाले. काहींनी सही करता करता सुवर्णाला दोन शब्द सुनावले, ते तिनं ऐकून घेतले. एकानं सही देणार नाही म्हणून वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन देऊन गेला. आठल्ये बाईंनी आपल्या कागदावर सहीबरोबर तारीख, वेळ आणि जिनेंद्रचा शाळेतला हजेरी क्रमांकही लिहिला. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

भूपाल चौगुले सगळ्यांत शेवटी आले. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"तुझ्या शब्दावर मी डबा मोडीत घातला."

"व्हय."

"पोरीचे फोटो होते त्यात. लहानपणचे. मला वाटलं, संपलाच डबा, कशाला काढून घ्यायचे. तुला विचारायचं पण सुचलं नाही, एवढा विश्वास होता बघ."

सुवर्णा उठली आणि म्हणाली, "चूक आमची आहे, दादा. भरून देता येण्यासारखी नाही." चौगुल्यांनी कागद वाचला, सही केली, आणि पेन काउंटरवर ठेवून गेले. त्यानंतर ते दुकानात कधी आले नाहीत.

कंपनीचं पत्र मार्चमध्ये आलं. नियमभंगाबद्दल दुकानाची तपासणीची परवानगी रद्द. बातमी गावात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत, आणि मगदूम म्हणाला की झालं, असं म्हणणारी माणसं आता त्याच वाक्यानंतर हसायला लागली. जिनेंद्रला ते फार लागलं. त्यानं सुवर्णाला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मलाही लागलंय. करायचं काय?"

पहिलं इंजेक्शन गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. जूनपर्यंत तीन झाली. डॉक्टर मुजावरांनी नव्यानं मोजून सांगितलं की रेघ आडवी झालीय. चढ थांबला, पण खाली येणार नाही. जेवढा उशीर त्याच्या हातात शिरला होता तेवढा आता कायमचा राहणार होता. चालायला, जेवायला, गाडी चालवायला त्याची अडचण नव्हती. बारीक टाक्याला मात्र होती. भिंगाखाली तांदळाच्या दाण्याहून लहान भागांना डाग द्यायचे असतात, तिथं हात एक क्षण उशिरा उचलला तरी शेजारचा भाग जळून जातो. एप्रिलात त्यानं दोन गिऱ्हाइकांचे दोन बोर्ड जाळले आणि मग डागणीला हात लावणं सोडलं.

डागणी सुवर्णानं घेतली. तिनं पट्टा बांधून स्वतःचा आकडा काढला होता, तो दुकानात सगळ्यांत चांगला निघाला. दोन महिने तिनं मोडीतल्या बोर्डांवर हात बसवला. जिनेंद्र शेजारी स्टुलावर बसून शिकवायचा. शिकवण्यात तो वाईट होता, फार बोलायचा आणि मधेच चिडायचा.

जुलैतल्या एका दुपारी तिच्यापुढं पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा खरा बोर्ड आला. एका दवाखान्याच्या संगणकाचा होता, दुसरा मिळण्यासारखा नव्हता. चिपला दोन्ही बाजूंनी चोवीस-चोवीस पाय. तिनं भिंग ओढलं, श्वास धरला आणि डाग द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, नीट चालली होती. अकराव्या पायाला डागणीच्या सळईचं टोक जरा उजवीकडं कललं. जिनेंद्रला ते तिच्या आधी दिसलं. नजरेत त्याच्या काहीच उशीर नव्हता. त्यानं तिचं मनगट धरायला हात पुढं केला.

हात पोचेपर्यंत तिचं तिनंच टोक उचललं होतं, जागा बदलली होती आणि डाग देऊन झाला होता. त्याचा हात टेबलावर मधेच, कुणाच्या काही उपयोगाचा नसल्यासारखा थांबला. आकडा म्हणून हे तो फेब्रुवारीपासून बघत होता, पण असं समोर घडताना त्यानं आजवर बघितलं नव्हतं.

सुवर्णानं भिंगातून मान वर केली आणि आधी त्याच्या हाताकडं, मग त्याच्याकडं बघितलं.

"चुकणार होतं काय?"

"चुकणार होतं."

"मग बोलायचं की. हात कशाला आणताय?"

ती पुन्हा भिंगाकडं वळली. जिनेंद्रनं हात मांडीवर ठेवला आणि स्टूल जरा पुढं सरकवलं. सोळाव्या पायाशी टोक पुन्हा कललं.

"डावीकडं," तो म्हणाला.

टोक लागायच्या आधीच ती थांबली, आणि डावीकडं सरकली.